तांदळात ठेवलेली फाइल

सरांनी आयुष्यात कुणाला शाळेत शिकवलं नाही, तरी खोपोलीच्या शिळफाट्यापासून कर्जतपर्यंत सगळे त्यांना सरच म्हणायचे. ते बोलायला लागले की समोरचा आपसूक कागद-पेन शोधायला लागायचा, त्यातूनच ते नाव पडलं असावं. मीही लिहून घेतलंय. माझ्या जुन्या वहीच्या पहिल्याच पानावर त्यांचं वाक्य आहे, "आधी बंद करायला शिका. चालू काय, कुणीही करतं." मी मनात म्हटलं, अगं बाई, हा माणूस कॉम्प्युटर शिकवतोय की पाण्याचा पंप! पण शिकले. आजही माझ्या दुकानातला कॉम्प्युटर कुणी नुसतं बटण दाबून बंद केला की माझं डोकं फिरतं.

शिळफाट्याला टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. बाहेर पाटी, 'येथे याद्या करून मिळतील'. काही माणसं लग्नाच्या किराण्याची यादी करायला यायची. सर त्यांनाही बसवून चहा पाजायचे. खरं काम म्हणजे लहान माणसांसाठी लहान डेटाबेस. मंगल कार्यालयाची भांडी, रोपवाटिकेतली कलमं, भजनी मंडळाचे टाळ कुठल्या गावाला गेलेत, असल्या नोंदी ठेवणारे छोटे छोटे प्रोग्राम ते लिहायचे. नोंदी सांभाळणारा आणि हवी ती शोधून देणारा जो भाग आत असतो, त्याला ते इंजिन म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "पातेली किती?" चारशे म्हटलं की चेहरा खुलायचा. "मग एवढंसं इंजिन बास. चारशे पातेल्यांना आगगाडीचं इंजिन कशाला जुंपता?"

मी त्यांना सापडले ती आमच्या लोधिवलीच्या बुद्धविहारात. विहाराच्या पुस्तकांची यादी करून द्यायला ते आपली लुना फटफटवत आले होते. त्यांना कुणीतरी पुस्तकांची नावं मोठ्याने वाचून दाखवणारं हवं होतं, आणि मी तेव्हा बारावी होऊन घरात बसलेली. दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी ते माझ्या बाबांना म्हणाले, "या बाई अक्षर गिळत नाहीत. मला कामाला हव्यात." एकोणीस वर्षांची मी, आणि मला 'या बाई'! शेवटपर्यंत मला अहो-जाहोच केलं. रागावले तरी "तुम्ही गाढव आहात" असं म्हणायचे.

वाचून घेणं हा त्यांचा खरा वेडेपणा. यादी तयार झाली की ज्याची यादी त्याला शेजारी खुर्चीत बसवायचं आणि पडद्यावरच्या नोंदी त्याच्या तोंडून मोठ्याने वदवून घ्यायच्या. मंगल कार्यालयाचा मालक, गळ्यात साखळी, हाताखाली दहा माणसं, तो बिचारा "झारा मोठा, सात. झारा लहान, अकरा" असं वाचत बसलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. हसू आवरेना मला. मध्येच तो थांबला, म्हणाला, "अकरा नाय सर, नऊ हायेत. दोन दिले मी भावाला." सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही तेच भावाच्या घरून झारे घेऊन आलेत.

"यादी आपण करतो, पण ती खरी आहे की नाही हे मालकालाच कळतं," ते म्हणायचे. "मालक नसेल तर ती फाइल नुसता दगड."

मग एक वर्ष असं आलं की ज्या कंपनीचं इंजिन सर वापरायचे, तिने ते बंद करून टाकलं. पुढे नवीन निघणार नाही, नव्या कॉम्प्युटरवर चालेल याची खात्री नाही. सर दोन दिवस खोलीवर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते एक फुकट मिळणारं इंजिन घेऊन. सगळ्या नोंदी एकाच फाइलीत मावायच्या, आणि ते कुणी कंपनी विकत नव्हती. मी म्हटलं, "सर, फुकटचं ते कितीसं टिकणार?"

"बाई, उलटं आहे. ज्याला मालकच नाही ते बंद कोण पाडणार? इंजिनाला मालक नको. फाइलीला मालक हवाच. हे वहीत लिहा."

लिहिलं. आणि मग सहा-सात वर्षं ते एकेका गिऱ्हाइकाची फाइल जुन्यातून नव्यात नेत होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. लुनावर बसून चौकला जा, खोपोलीत हिंडा, मालकाला खुर्चीत बसवा, वाचून घ्या. पनवेलहून एक टाय लावलेला विक्रेता यायचा. तो सांगायचा, "सर, हे डेस्कटॉपवरचं संपलं आता. सगळं ऑनलाइन. महिन्याचे पैसे भरा आणि निर्धास्त राहा." सर शांतपणे विचारायचे, "तुमची कंपनी बंद पडली तर?" तो म्हणायचा, "नाही पडणार सर." सर म्हणायचे, "आधीचेही असंच म्हणायचे. भले लोक होते." मग त्यालाही चहा.

प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती. एक दुकानात, एक त्यांच्या घरी, आणि तिसरी कर्जतला आक्कांकडे, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, तांदळाच्या डब्यात. आमच्या कर्जत-खालापूरच्या दमट हवेत सगळ्याला बुरशी येते, तांदूळ ओल खेचतो, हे त्यांचं शास्त्र. आधी फ्लॉपी, मग सीडी, मग पेनड्राइव्ह, जमाना बदलेल तशी वस्तू बदलायची, डबा तोच. आक्का करवादायच्या, "अरे मेल्या, एक दिवस ते तुझं काळं बोटुक माझ्या भातात शिजेल!" सर म्हणायचे, "निवडून घे गं. खडे नाही का निवडत?"

आता ज्या फाइलीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. खालापूरला एका डॉक्टरीणबाईंचं लहानसं प्रसूतिगृह होतं. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. डोंगरातल्या ठाकरवाड्यांवरच्या, कातकरवाड्यांवरच्या बायका त्यांच्याकडे यायच्या, कारण बाई ओरडायच्या खूप पण परत कुणाला पाठवायच्या नाहीत. सरांनी त्यांना बाळंतपणांची नोंद ठेवणारा प्रोग्राम करून दिला आणि टायपिंगला मला लावलं. आठवड्यातून दोन दिवस, चार वर्षं. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या मराठी फाँटात वाडीवरची नावं धड उमटायची नाहीत, जोडाक्षरं फुटायची. म्हणून सरांनी स्वतःच एक फाँट जुळवला. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर हे सगळं त्यांच्या मनाने. जगात त्या फाँटावर टाइप करणारी माणसं दोनच, एक ते आणि एक मी. त्याचा त्यांना कोण अभिमान! मलाही होता, खोटं कशाला सांगू.

बाई गेल्या. प्रसूतिगृह बंद झालं, कागदपत्रं पावसाने आणि वाळवीने खाल्ली. सगळ्या फाइली नव्या इंजिनावर गेल्या, ही एकच राहिली. मी दोनदा आठवण केली. सर म्हणाले, "वाचून कोण घेणार? मालक गेल्या. आणि बाईंनी मला सांगितलंय, यात बायकांच्या जिवाच्या गोष्टी आहेत, माझ्यामागे कुणाला दाखवायची नाही." विषय संपला. फाइल तांदळात तशीच.

पुढे माझं लग्न झालं, मी खालापूरला कचेरीसमोर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. सरांना दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. शिळफाट्याची खोली आवरून आक्कांनी त्यांना कर्जतला नेलं. त्यांचा जुना कॉम्प्युटर त्या आवराआवरीत भंगारात गेला, आणि त्याच्याबरोबर तो फाँटही गेला. तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी रविवारी जायची. ते एकेक शब्द ओढून काढल्यासारखे बोलायचे, पण मला "तुम्ही गाढव आहात" एवढं मात्र सलग जमायचं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात सोमी आली. डोंगराच्या अंगाच्या ठाकरवाडीवरची, हातात पिशवी, बरोबर पोरगी वनिता. वनिताला नर्सिंगला जायचं होतं. मार्क चांगले, जागा मिळत होती. मी फॉर्म भरायला घेतला आणि जन्मतारखेवर अडलं. कॉम्प्युटर म्हणे वय बसत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक जून. आमच्याकडे वाड्यांवरच्या कितीतरी पोरांचा वाढदिवस एक जूनच असतो. तारीख माहीत नसली की गुरुजी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची टाकून मोकळे. वनिता अंगाने बारकी, म्हणून साल अंदाजाने पुढचं टाकलेलं. नर्सिंगला ठरलेल्या दिवसाला सतरा पुरी लागतात, कागदावर सोळाच भरत होती.

"सोळाची नाय ओ ताई," सोमी म्हणाली. "यंदाच्या कापणीला सतरा भरतील. भात कापायला आलेलं तवा झाली ती. हितंच, खालापूरला, बाईंच्या दवाखान्यात."

"मग जन्माचा दाखला?"

सोमीने मान खाली घातली. "मी दुसऱ्या दिशी न सांगता उठून गेले. घरला कापणीला मानूस नव्हतं. बाई कागद भरायला आल्या तर खाट मोकळी. माजीच चूक हाय."

वनिता पुढे सरकली. ती म्हणाली, "या वर्षी नाय झालं तर बाबा लगीन लावतील माजं. स्थळ बघून ठेवलंय." एवढंच म्हणाली आणि दाराबाहेर बघत बसली.

त्या दवाखान्याची नोंद माझ्याच हाताने टाइप झालेली होती, आणि ती कुठे आहे हेही मला माहीत होतं. दोघींना घेऊन मी दुसऱ्याच दिवशी सकाळी कर्जत गाठलं, लॅपटॉप काखेत.

सर व्हरांड्यात खुर्चीत बसले होते. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही.

"मा…लक नाही," ते म्हणाले. "बाईंना श…ब्द दिलाय."

"सर, पोरीचं लग्न लावून टाकतील!"

"शब्द… दिलाय."

मग मात्र माझा तोल गेला. आजारी माणूस, वडलांसारखा, पण मी बोलून गेले. "कसला शब्द घेऊन बसलात? गावभर हिंडून झारे नि पळ्या नव्यात नेल्यात, आणि माणसांची फाइल तेवढी ठेवलीत तांदळात! मालक गेली म्हणे. अहो, मालक ही काय तुमच्यासमोर बसलीये. जिचा जन्म तिची नोंद. बाईंची कशी?"

आक्का आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. सर माझ्याकडे बघत राहिले. वनिता उठली, त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली. म्हणाली, "सर, मला माज्या नोंदीची वळ बघायची हाय. दुसऱ्या कुनाची नाय बघत."

सरांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग आक्कांकडे बघून म्हणाले, "डबा… आण." आणि मला म्हणाले, "चूक माझी. वहीत… लिहा." मी नाही लिहिलं. कधीच नाही लिहिणार.

आक्कांनी तांदळात कोपरापर्यंत हात घालून पेनड्राइव्ह काढला. सरांच्या त्या फुकट इंजिनात जुन्या इंजिनाच्या फाइली आत घ्यायची सोय होती, त्याने ही मुकाट्याने उघडली, एक नोंद गळली नाही. तारखा होत्या, वजनं होती. आणि नावांच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा चिवडा. फाँट नव्हता ना. कुठलं अक्षर कुठल्या कळीवर, मलाही आठवेना, म्हणून सरांना विचारलं. ते डाव्या हाताची बोटं हवेत हलवत राहिले, काही आठवेना. तो त्यांचा चेहरा मला बघवला नाही. हजारभर बायका त्या फाइलीत आणि एकीचं नाव वाचता येईना.

मी हात टेकले होते, खरंच. आणि सर म्हणाले, "तुम्ही… टाइप करा. बघू… नका."

आधी कळलं नाही. मग लख्ख कळलं. डोळे मिटले. बाईंच्या दवाखान्यातलं ते हिरवं टेबल आणलं मनात, आणि नवऱ्याच्या नावासकट 'सोमी काळू' असं टाइप केलं, चार वर्षं जसं करत होते तसं. बोटं आपली गेली, कुठेही अडली नाहीत. डोळे उघडले तर पडद्यावर तसलाच चिवडा. तोच चिवडा शोधायला दिला. क्षणात दोन ओळी आल्या. फक्त दोन, बाकीच्या सगळ्या झाकलेल्या. बाईंचा शब्दही राहिला.

पहिली ओळ वाचली. तारीख फारच मागची, वनिताच्या हिशेबाच्या दोन वर्षं आधीची. मग पुढचा, मुलगा की मुलगी हा रकाना ओळखला. "हे नाही," मी म्हटलं. "हा मुलगा आहे. दुसरी कुणीतरी सोमी असेल." आणि दुसऱ्या ओळीवर गेले. मुलगी. महिना भातकापणीचा. साल सोमी म्हणत होती तेच. मी बोटांवर मोजलं, परत मोजलं. ठरलेल्या दिवसाला वनिताची सतरा वर्षं पुरी होऊन वर तीन आठवडे उरत होते.

"बसली!" मी ओरडलेच. आक्कांनी वनिताला जवळ ओढलं. सरांनी खुर्ची पुढे घ्यायला लावली आणि वनिताला म्हणाले, "वाचा." मी नावांचं सांगत गेले आणि तिने आपल्या जन्माची ओळ मोठ्याने वाचली. आईचं नाव, बापाचं नाव, वाडी, वेळ पहाटे चार वाजून दहा मिनिटं, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. "एवडीच होते मी?" ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडली.

पुढचं सगळं झालं. बाईंची लेक पुण्याला डॉक्टर आहे, तिने येऊन नोंद आपल्या आईची असल्याचं लिहून सही दिली. कचेरीतले हेलपाटे झाले, दाखला वेळेत मिळाला. वनिता आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि फोनवर मला औषधांची नावं सांगून उगाच घाबरवते. सर या माघात गेले. शांत गेले, झोपेत.

पण मला सर आठवतात ते त्या दिवसाचे, वनिता ओळ वाचून उठली त्यानंतरचे. आक्का चहा टाकायला आत गेल्या होत्या. मी लॅपटॉप मिटायला घेतला, तेवढ्यात सोमी म्हणाली, "ताई, ती वरली वळ. ती दुसरी सोमी नाय. मीच ती."

वनिताने आईकडे बघितलं. तिला ठाऊक नव्हतं.

"पयला व्हता," सोमी म्हणाली. "दीड महिन्याचा झाला नि गेला, तापानं. कुठंच लिवलेला नाय तो. ना घरात, ना कागदावर. मला वाटलं मलाच ठाव हाय, दुसऱ्या कुनाला नाय." ती पडद्याकडे बोट दाखवत होती, काचेला लावत नव्हती. "ताई, हितं त्याचं नाव लिवता येल?"

बाळाच्या नावाचा रकाना रिकामा होता. सगळ्यांचाच रिकामा असायचा, बाळाचं नाव ठरायच्या आधीच बायका घरी जायच्या. मी सरांकडे बघितलं. सरांना मी पुरती ओळखत होते. पुराव्याशिवाय त्यांनी कुणाला एक झारा वाढवू दिला नव्हता.

"नाव… काय?" सरांनी विचारलं.

"मंगेश. मंगळवारचा झाला, म्हनून मंगेश."

सरांनी ओळीतली तारीख बघितली आणि मला खुणेने दिनदर्शिका काढायला लावली. मी ते साल काढलं, महिना काढला, त्या तारखेवर बोट ठेवलं. सर वाकून बघत राहिले.

"मंगळवारच," ते म्हणाले. झटक्यानंतर इतका ठाम शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मी लॅपटॉपवर आजचं साधं मराठी लावून दिलं. मग त्यांनी तो स्वतःकडे ओढून घेतला, आणि डाव्या हाताच्या एका बोटाने, एकेक कळ शोधत, त्या रिकाम्या रकान्यात मंगेश लिहिलं. सोमीला वाचता येत नव्हतं. वनिता पुढे झाली आणि तिने आईला भावाचं नाव वाचून दाखवलं.